शोधाआधी यादी

केळापूर तालुक्याचं मुख्य ठिकाण पांढरकवडा. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग या गावावरून जातो आणि पाटणबोरीच्या पुढे पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या, की इथे एकच प्रश्न फिरत असतो : “काय भाव निघाला, भाऊ?” बाजार समितीतून परतणाऱ्याला तो विचारतात, चहाच्या टपरीवर विचारतात, आदिलाबादेतल्या पाहुण्याला फोन लावून विचारतात.

हा प्रश्न म्हणजे एक शोधच आहे. गूगलसारखं सर्वसाधारण शोधयंत्र जगभरची पानं वाचून ठेवतं आणि विचारलेल्या शब्दांशी जुळणारी पानं पुढे करतं. विशेष शोधयंत्राचं काम मर्यादित असतं. ते फक्त घर शोधून देतं, किंवा फक्त नोकरी, किंवा जवळपासचा दुरुस्तीवाला. गेल्या तीस वर्षांत मुंबईत अशी शोधयंत्रं उभी राहिली आणि त्यांच्यामागे कोट्यवधी डॉलरचं जोखीम भांडवल, म्हणजे व्हेंचर कॅपिटल, आलं. हा पैसा का आला, त्याचं काय झालं आणि तो कुठपर्यंत पोचला, याची ही हकिकत. तिचं सूत्र एवढंच, की शोधयंत्राआधी यादी लागते, यादी करायला माणसांची पायपीट लागते, आणि ज्या प्रश्नातून पैसा सुटतो त्याच प्रश्नासाठी कोणी ती पायपीट करतं.

फोनवरची चौकशी

१९८० च्या दशकाच्या अखेरीस व्ही. एस. एस. मणी नावाचा तरुण दिल्लीत ‘यलो पेजेस’ काढणाऱ्या कंपनीत विक्रीचं काम करत होता. दुकानं, कारखाने, व्यावसायिक यांचे पत्ते छापलेलं ते जाडजूड पुस्तक. ते छापून होईपर्यंत त्यातले काही पत्ते बदललेले असत, आणि पुस्तक हाताशी नसेल त्याला त्याचा उपयोग नसे. हीच माहिती फोनवर का देऊ नये, असं मणींच्या मनात आलं. १९८९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ‘आस्कमी’ ही सेवा सुरू केली. ती चालली नाही. घरात फोन यायला वर्षानुवर्षं वाट पाहावी लागण्याचे ते दिवस होते. ज्याच्याकडे फोनच नाही, तो चौकशी कशी करणार?

पुढच्या सात वर्षांत चित्र बदललं. गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे पीसीओ उघडले, १९९४ मध्ये नवं दूरसंचार धोरण आलं, १९९५ मध्ये मोबाइल आला. १९९६ मध्ये मणींनी मुंबईत पुन्हा डाव मांडला. भांडवल ५० हजार रुपये, भाड्याने आणलेले संगणक आणि बोटांवर मोजण्याइतकी माणसं. उपनगरातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधून त्यांनी ८८८ ८८८८ हा क्रमांक मिळवला. हा क्रमांक एकदा ऐकला की विसरणं अवघड होतं. कंपनीचं नाव ‘जस्ट डायल’.

तिचं काम जवळून पाहण्यासारखं होतं. माणूस फोन करतो आणि सांगतो, मालाडला फ्रिज दुरुस्त करणारा पाहिजे. पलीकडचा कर्मचारी नाव विचारतो, भाग विचारतो, संगणकावरच्या यादीतून दोन-तीन पत्ते वाचून दाखवतो. विचारणाऱ्याला एक पैसाही पडत नाही. पैसे भरतो तो दुकानदार, कारण पैसे भरणाऱ्याचं नाव आधी वाचलं जातं. पण ही यादी कुठल्याही आयत्या कागदावर मिळण्यासारखी नव्हती. बाजारातून फिरून, दुकानाच्या पाट्या वाचून, मालकाशी बोलून एकेक नोंद गोळा करावी लागे आणि ती वारंवार तपासावी लागे. इंटरनेट घराघरांत येण्याआधी मुंबईत चालू झालेलं हे शोधयंत्रच होतं. फरक इतकाच, की त्यात यंत्राच्या जागी माणसाचा आवाज होता.

‘खोज’ आणि ४९९ कोटी

त्याच काळात, त्याच शहरात दुसरा प्रयोग चालू होता. आयआयटी मुंबईत शिकलेले राजेश जैन अमेरिकेत शिक्षण आणि नोकरी करून १९९२ मध्ये परतले होते. सुरुवातीचे काही उद्योग फसल्यावर मार्च १९९५ मध्ये त्यांनी ‘इंडियावर्ल्ड’ हे संकेतस्थळ उघडलं. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं ते त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला. म्हणजे भारतातल्या सर्वसामान्यांना पाहता येण्याआधीच हे स्थळ सुरू झालं होतं, कारण त्याचे वाचक परदेशातले भारतीय होते. घरापासून दूर असलेल्या त्या माणसांना गावाकडची खबर हवी होती. जैन यांनी एकेका गरजेला एकेक स्थळ दिलं : बातम्यांसाठी ‘समाचार’, क्रिकेटसाठी ‘खेल’, पाककृतींसाठी ‘बावर्ची’ आणि भारतविषयक संकेतस्थळं शोधण्यासाठी ‘खोज’.

जोखीम भांडवल तोवर आपल्याकडे नुकतंच रुजत होतं. १९८८ मध्ये आयसीआयसीआय आणि युनिट ट्रस्ट यांनी मिळून ‘टीडीआयसीआय’ ही संस्था काढली होती. सेबीने अशा निधींसाठी नियम केले १९९६ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी विल्यम ड्रेपर यांनी भारतासाठी ‘ड्रेपर इंटरनॅशनल’ हा निधी उभारला होता, आणि मुंबईच्या ‘रेडिफ’ या संकेतस्थळात त्याचा पैसा लागला. तिकडे कॅलिफोर्नियात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘जंगली’ने निरनिराळ्या ऑनलाइन दुकानांतल्या वस्तू एकाच ठिकाणी शोधून देणारं तंत्र बनवलं होतं. तिच्या संस्थापकांत वेंकी हरिनारायण, आनंद राजारामन, आशिष गुप्ता आणि आयआयटी मुंबईत शिकलेले राकेश माथुर होते. १९९८ मध्ये ॲमेझॉनने ‘जंगली’ विकत घेतली. एकाच प्रकारच्या शोधाला मोठी किंमत येऊ शकते, याचा हा पुरावा होता, आणि तो इथल्या तरुणांनी नीट वाचला.

नोव्हेंबर १९९९ मध्ये मुंबईत त्याहून मोठा धक्का बसला. ‘सत्यम इन्फोवे’ने ‘इंडियावर्ल्ड’ विकत घेण्याचा करार केला, किंमत ४९९ कोटी रुपये. जैन यांनी बाहेरचं जोखीम भांडवल न घेता ही कंपनी वाढवली होती. खरेदीदाराकडे मात्र बाजारातून आलेला पैसा होता, कारण ‘सत्यम इन्फोवे’ महिनाभर आधीच अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात नोंदली गेली होती. मोजक्या माणसांनी चालवलेल्या संकेतस्थळांना एवढा भाव मिळतो म्हटल्यावर नोकऱ्या सोडून ‘डॉट कॉम’ काढणाऱ्यांची रांग लागली. मार्च २००० मध्ये नॅस्डॅकचा निर्देशांक शिखरावर पोचला आणि तिथून कोसळला. मुंबईत मोक्याच्या जागी लागलेले डॉट कॉमचे भव्य फलक पुढच्या काही महिन्यांत उतरले. ज्यांच्याकडे कल्पना होती पण यादी नव्हती, त्यांची नावंही आता कोणाला आठवत नाहीत.

टिकले ते यादीवाले. दिल्लीकडच्या ‘नोकरी डॉट कॉम’ने पडझड होताहोताच, एप्रिल २००० मध्ये, आयसीआयसीआयच्या जोखीम भांडवल शाखेकडून सुमारे सव्वासात कोटी रुपये घेतले होते. ती रक्कम कंपनीने जपून वापरली. नोव्हेंबर २००६ मध्ये तिची पालक कंपनी ‘इन्फो एज’ शेअर बाजारात आली, तेव्हा मुख्यतः नोकरीच्या शोधावर उभा राहिलेला धंदा नफ्यात चालू शकतो, हे देशाने पाहिलं.

पैसा परत येतो

२००६ च्या सुमारास जोखमीचा पैसा पुन्हा वाहू लागला. त्याचं गणित समजून घेतलं तर पुढची हकिकत उलगडते. असा निधी साधारण दहा वर्षांसाठी उभारलेला असतो. त्यातून दहा-वीस कंपन्यांत पैसे लावायचे, बहुतेक बुडतील हे गृहीत धरायचं, आणि एक-दोन इतक्या मोठ्या व्हाव्यात की बाकीचा तोटा भरून निघून वर नफा राहील. त्यामुळे हळूहळू वाढणारा, पोटापुरता चालणारा धंदा या पैशाला परवडत नाही.

विशेष शोधयंत्र या गणितात चपखल बसतं. कवितेच्या ओळी शोधणारा माणूस खर्च करेलच असं नाही. पण ‘कांदिवलीत दोन खोल्यांचं घर’ असं शोधणाऱ्याच्या खिशात पैसे असतात आणि त्याला निर्णय घ्यायचा असतो. त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी दलाल, बिल्डर, दुकानदार पैसे मोजतात. शिवाय सर्वसाधारण शोधात गूगलशी गाठ होती. ती लढाई किती अवघड आहे, हे बंगळूरच्या ‘गुरुजी डॉट कॉम’ने अनुभवलं. आयआयटी दिल्लीच्या दोघांनी २००६ मध्ये काढलेल्या या भारतीय शोधयंत्रात ‘सिकोया’ या निधीने ७० लाख डॉलर घातले. गाणी शोधून देणारा त्यांचा विभाग लोकप्रिय झाला आणि तोच अंगाशी आला. २०१० मध्ये ‘टी-सीरीज’ने स्वामित्वहक्काची तक्रार केली आणि त्यानंतर ‘गुरुजी’ सावरली नाही. दुसऱ्याच्या मालाची वाट दाखवणं आणि स्वतः जमवलेली यादी दाखवणं यातला फरक या प्रकरणाने शिकवला.

मुंबईत ‘जस्ट डायल’कडे दहा वर्षांची स्वतःची यादी होती. २००६ पासून ‘सैफ पार्टनर्स’, मग ‘टायगर ग्लोबल’ आणि ‘सिकोया’ अशा निधींचे पैसे तिच्यात आले. २००७ मध्ये यादी संकेतस्थळावर गेली. फोनवर सांगितले जाणारे पत्ते लोक आता पडद्यावर वाचू लागले. अमिताभ बच्चन यांचा चेहरा जाहिरातींत आला.

मे २०१३ मध्ये ‘जस्ट डायल’ने शेअर विक्रीला काढले, एका शेअरची किंमत ५३० रुपये. विक्री ९०० कोटींच्या वर गेली. या विक्रीतला एक तपशील ध्यानात घेण्याजोगा आहे. सगळे शेअर जुन्या भागधारकांचे होते, कंपनीच्या तिजोरीत त्यातला रुपयाही गेला नाही. जोखीम भांडवलाच्या चक्राची ही शेवटची पायरी : पैसा आत येतो, यादी वाढते, आणि एके दिवशी तो पैसा वाढून बाहेर पडतो. बाजारात भीतीचं वातावरण असल्याने छोट्या गुंतवणूकदारांना भाव पडल्यास संरक्षणाची हमीही दिली होती. तिची गरज पडली नाही. भाव चढला. २०२१ मध्ये रिलायन्स रिटेलने ३,४९७ कोटी रुपयांत या कंपनीचं नियंत्रण घेण्याचा करार केला. ५० हजार रुपयांच्या यादीचा प्रवास असा पंचवीस वर्षांचा झाला.

पवईतले बारा जण

दुसरी हकिकत याच्या अगदी उलट गतीची आहे. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या तरुणांना मुंबईत भाड्याचं घर शोधताना जे हाल सोसावे लागले, त्यातून २०१२ मध्ये ‘हाउसिंग’ जन्मली. संस्थापक बारा, मुख्य अधिकारी राहुल यादव. जाहिरातीत दाखवलेलं घर प्रत्यक्षात नसणं, फोटो दुसऱ्याच घराचे असणं, पत्ता अर्धवट असणं हा अनुभव मुंबईत भाड्याने राहिलेल्या प्रत्येकाचा आहे. या मुलांनी ठरवलं, की आपला माणूस स्वतः जाऊन पाहील तेच घर यादीत येईल.

माहिती गोळा करणारी त्यांची मुलं कॅमेरा घेऊन इमारतींचे जिने चढत. प्रत्येक खोलीचा फोटो, घराची रचना, नकाशावर नेमकं ठिकाण. घर शोधणाऱ्याला नकाशावर बोट ठेवून आपल्या भागातलं खरं घर दिसे. दलालांच्या वह्यांत अडकलेली मुंबई प्रथमच अशी उघडी पडत होती. पायपिटीचं हे काम ‘जस्ट डायल’च्याच जातीचं होतं, पण कितीतरी खर्चाचं.

हा खर्च भांडवलाने भागवला. २०१३ मध्ये ‘नेक्सस’ने २५ लाख डॉलर दिले. २०१४ मध्ये ‘हेलियन’च्या पुढाकाराने १ कोटी ९० लाख डॉलर आले. ‘हेलियन’च्या संस्थापकांत ‘जंगली’चे आशिष गुप्ता होते. कॅलिफोर्नियातल्या एका विशेष शोधयंत्राचा अनुभव सोळा वर्षांनी पवईतल्या दुसऱ्या शोधयंत्राच्या मागे उभा राहिला, असं म्हणता येईल. डिसेंबर २०१४ मध्ये जपानच्या ‘सॉफ्टबँक’च्या पुढाकाराने एकदम ९ कोटी डॉलर आले.

एवढ्या पैशाबरोबर घाईही येते. २०१५ च्या सुरुवातीला नवं बोधचिन्ह आणि शहरभर जाहिरातींचा मारा झाला, खर्च वाढत गेला, आणि संस्थापक व गुंतवणूकदार यांच्यातले खटके चव्हाट्यावर आले. एप्रिलअखेर यादव यांनी संचालक मंडळाला कडवट शब्दांत राजीनामा दिला, काही दिवसांत मागे घेतला, मग आपल्या वाट्याचे शेअर कर्मचाऱ्यांना वाटत असल्याचं जाहीर केलं. १ जुलै २०१५ रोजी मंडळाने त्यांना पदावरून काढलं. पुढे कर्मचारी कपात झाली, काही विभाग बंद पडले. जानेवारी २०१७ मध्ये ‘हाउसिंग’चं ‘प्रॉपटायगर’शी विलीनीकरण झालं, आणि नंतर त्या समूहाची सूत्रं ऑस्ट्रेलियाच्या ‘आरईए ग्रुप’कडे गेली.

या पडझडीत एक गोष्ट मात्र वाया गेली नाही. घराची माहिती तपासून, नकाशावर आणि खऱ्या फोटोंसह मिळावी, ही ग्राहकाची अपेक्षा कायमची बदलली. माझ्या मते ‘हाउसिंग’ची मूळ कल्पना खरी होती. दार ठोठावून केलेली यादी सावकाश वाढते, आणि तिच्यावर लावलेल्या पैशाला तेवढी सवड नव्हती.

भावाचा शोध

आता पुन्हा पांढरकवड्याकडे. कापूस पिकवणाऱ्याला तीस वर्षं भाव शोधायची फारशी गरजच नव्हती. १९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. कापूस पणन महासंघालाच द्यायचा, भाव आधी जाहीर, आणि शेतकऱ्याला घोर लागे तो ग्रेड कोणती लागेल आणि चुकारा कधी मिळेल याचा. शेजारच्या राज्यात भाव चढला की सीमेवरून कापूस चोरवाटेने पलीकडे जाई, म्हणजे भावाची खबर तेव्हाही फिरत होतीच. २००२ च्या हंगामापासून खाजगी व्यापाऱ्यांना मुभा मिळाली आणि एकाधिकार संपत गेला. आता कापूस कोणाला, कुठे, कधी विकायचा हे शेतकऱ्याने ठरवायचं होतं. भावाचा शोध हा त्याच्या संसाराचा प्रश्न झाला.

या प्रश्नाला उत्तर देण्याचे प्रयत्न झाले, आणि त्यांतले महत्त्वाचे प्रयत्न जोखीम भांडवलाबाहेरचे होते. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातल्या ७० गावांत संगणक केंद्रं उभी करण्याचा प्रकल्प केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांनी हाती घेतला. पिकांची माहिती, बाजारभाव, सरकारी कागदपत्रं असं बरंच काही त्यात अपेक्षित होतं. प्रत्यक्षात शेतकरी मुख्यतः आपल्या उसाची माहिती विचारायला येत : वजन किती भरलं, पैसे किती. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरमधल्या संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या संदेशांवर हेच काम करून दाखवलं. वारण्यात यादी आयती होती, कारण सहकारी साखर कारखान्याच्या वहीत प्रत्येक सभासदाचा ऊस नोंदलेला होता. सहकाराने ती आधीच करून ठेवली होती.

दुसरा प्रयत्न ऑक्टोबर २००७ चा. ‘रॉयटर्स’ या वृत्तसंस्थेने ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सेवा महाराष्ट्रात, मराठीत सुरू केली. पोस्टात जाऊन वर्गणीचं कार्ड घ्यायचं, आपलं पीक आणि बाजार कळवायचा, की रोज मोबाइलवर भाव, हवामान आणि पिकाचा सल्ला यायचा. टपाल कचेरीच्या खिडकीवर विकलं जाणारं हे विशेष शोधयंत्रच होतं. त्याचा खरा परिणाम किती, हे मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटन या अर्थतज्ज्ञांनी मध्य महाराष्ट्रातल्या १०० गावांत तपासलं. २०१२ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यांना संदेश उपयोगी वाटत होते, काहींनी माल नेण्याचं ठिकाणही बदललं. पण हाती पडणाऱ्या सरासरी भावात लक्षणीय फरक आढळला नाही.

हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. शहरात घराचा पत्ता मिळाला की शोध संपतो, माणूस तिथे जाऊन राहू शकतो. गावात भाव कळला तरी शोध तिथेच थांबत नाही. गाडीभाडं परवडायला हवं, माल साठवायला जागा हवी, आणि ज्याच्याकडून बी-खताची उचल घेतली त्यालाच माल घालायची बांधिलकी नसावी. यांतलं काहीही नसेल तर चांगला भाव नुसता वाचायला मिळतो.

जमाखर्च

या तीस वर्षांचा ताळेबंद मांडला तर जमेच्या बाजूला बरंच आहे. ज्या शहरात ओळखीशिवाय प्लंबर मिळत नव्हता, तिथे अनोळखी माणसाला पत्ता मिळू लागला. लहान दुकानदाराला स्वतःच्या गल्लीबाहेरचं गिऱ्हाईक मिळालं. हजारो तरुणांना फोनवर बोलण्याची, दारोदार फिरून माहिती आणण्याची नोकरी मिळाली. आपल्या शिक्षणसंस्थांतून निघालेली मुलं नोकरी मागण्याऐवजी कंपनी काढू शकतात, हा विश्वास रुजला.

खर्चाच्या बाजूला अधिरेपण आहे, आणि एक पोकळी आहे. भांडवलाने यादी केली ती दुकानांची, घरांची, नोकऱ्यांची, कारण त्या यादीत नाव यावं म्हणून कोणीतरी पैसे भरत होतं. कापसाच्या भावाच्या यादीसाठी शेतकरी फार पैसे देऊ शकत नाही, आणि व्यापाऱ्याला ती यादी उघडी असण्यात रस नसतो. त्यामुळे हे काम बाजार समित्या, सहकार आणि शासन यांच्याकडेच येतं. २००० मध्ये सुरू झालेलं बाजारभावांचं सरकारी संकेतस्थळ ‘ॲगमार्कनेट’ आणि २०१६ चा ऑनलाइन शेतमाल बाजार ‘ई-नाम’ ही त्याच दिशेची पावलं.

वारण्याने वाट दाखवलेली आहे. जिथे संस्थेची वही प्रामाणिक, तिथे साधा मोबाइलही पुरतो. केळापूर तालुक्यातल्या कास्तकाराला काट्यावर भरलेलं वजन, लागलेली ग्रेड, हर्रासात निघालेला भाव आणि चुकाऱ्याची तारीख या चार गोष्टी घरबसल्या, खात्रीने कळल्या पाहिजेत. त्या कुठे ना कुठे रोज कागदावर लिहिल्या जातच असतात. शहरात जी यादी माणसांनी जिने चढून आणि गल्ल्या तुडवून केली, तिची अर्धी सामग्री इथे समितीच्या रजिस्टरात तयार आहे. ती वेळेवर उघडी करायला जोखमीचा पैसा लागत नाही. बाजारातून परतणाऱ्याला वाटेत थांबवून “काय भाव निघाला, भाऊ?” विचारणारा माणूस एकाधिकार संपल्यापासून तेवढंच मागतो आहे.